चार बोटांची फट : एका मस्टँगच्या स्प्रिंगांची निवड

डॉक्टरांचा पहिला फोन फेब्रुवारीत आला. गाडी २०१७ सालची फोर्ड मस्टँग जीटी, सेकंडहँड घेतलेली, ४१,००० किलोमीटर चाललेली. मागणी एका वाक्याची : "गाडी उंटासारखी उभी दिसते, जरा खाली बसवून द्या." सोबत मुलानं पाठवलेला फोटो. पुढचा टायर आणि फेंडरचा काठ यांच्यामधल्या फटीत त्यानं चार बोटं आडवी घालून दाखवली होती.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांची सुरुवात त्या बोटांपासूनच होते. ती फट कुणाला आवडत नाही, मलाही नाही. पण ती कंपनीनं विसरून ठेवलेली नसते. खड्ड्यावर चाक वर येतं तेव्हा त्याला तेवढी जागा लागते. स्प्रिंग आखूड केली की फट कमी होते, आणि चाकाला वर जायला असलेली जागाही तितकीच कमी होते. लोक फटीचे पैसे देतात आणि जागा घालवून बसतात.

आधी गाडीबद्दल थोडं. ही पिढी भारतात २०१६ च्या जुलैमध्ये आली. कारखान्यातूनच उजव्या हाताच्या स्टिअरिंगची बनलेली ही पहिलीच मस्टँग, आणि मागची दोन्ही चाकं सगळ्या मॉडेलांत स्वतंत्र सस्पेन्शनवर असलेलीही पहिलीच. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन पुढे, त्यामुळे नाक जड. डॉक्टरांची गाडी मी भोसरीच्या एका वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची : पुढे ९५० किलो, मागे ८२०. काट्यावरचा माणूस म्हणाला, "साहेब, रिकामीच आणलीत?" पावती मात्र त्यानं नीट दिली, आणि ती अजून फाइलला आहे.

फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे या गाडीचं सस्पेन्शनचं काहीही आणायचं तर बाहेरून मागवायचं, कस्टम भरायचं आणि वाट बघायची. चुकीची स्प्रिंग आली तर नाना पेठेत जाऊन बदलून आणता येत नाही. निवड एकदाच करायची होती.

गाडी कुठून कुठे जाते

डॉक्टरांना मी स्प्रिंगांच्या किटची नावं विचारलीच नाहीत. मुलाकडे ती यादी तयार होती, किमतींसकट. मी विचारलं, गाडी कुठे उभी असते आणि कुठे जाते? घर बावधनला, पार्किंग तळघरात. दवाखाना कोथरूडच्या एका गल्लीत, आठवड्यातून दोनदा ही गाडी तिकडे नेतात. आणि रविवारी पहाटे भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणी. कधी सोबत मुलगा आणि डॉक्टरांची आई. आईंचा गुडघा बदललेला, म्हणून त्या पुढे बसतात आणि त्यांच्या सूनबाई मागच्या सीटवर, जी मुळात पिशवी ठेवण्यापुरतीच आहे.

या उत्तरात तीन जागा अशा होत्या की तिथे फूटपट्टी घेऊन जायलाच हवं होतं.

पहिली, सोसायटीचा रॅम्प. तळघरातून वर येणारा उतार डिजिटल लेव्हलवर ९ अंश निघाला आणि वर रस्त्याला मिळतो तिथे चांगली धार आहे. पुढची चाकं सपाटीवर, मागची अजून उतारावर, अशा क्षणी ती धार गाडीच्या पोटाखाली येते. मस्टँगच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.७२ मीटर. हिशेब सोपा आहे : ९ अंशांची धार ओलांडायला बरोबर मध्ये साधारण १०७ मि.मी. जागा लागते. डॉक्टरांची गाडी रिकामी असताना मध्ये १३८ मि.मी. होती, चौघं बसल्यावर १२४.

दुसरी जागा म्हणजे दवाखान्याच्या गल्लीतला स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सें.मी. उंच सांगितलाय. तसा तो असता तर मस्टँगची चारही चाकं एकाच वेळी त्याच्या पाठीवर चढली असती आणि मध्ये फक्त ५४ मि.मी. जागा पुरली असती. या गल्लीतला रुंदीला जेमतेम एक मीटर आणि उंचीला १२ सें.मी. आहे. पुढची चाकं उतरून मोकळी झाल्यावर तो आख्खा पोटाखाली येतो. म्हणजे १२० मि.मी. ची जागा हवी, आणि चौघं बसल्यावर मूळ गाडीतही ती जेमतेम ४ मि.मी. नं सुटते. आपल्याकडे गतिरोधक रात्रीतून उगवतात, आणि बांधणाऱ्याच्या हाताला जेवढं डांबर लागलं तेवढी त्याची उंची ठरते.

तिसरी, ताम्हिणीचा रस्ता. तिथे पोटाचा प्रश्न नाही, चाकाच्या प्रवासाचा आहे.

टाय आणि थर्माकोल

चाक किती वर-खाली जातं हे मोजायला मी फार मोठं यंत्र वापरत नाही. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवायचं आणि दांड्याला एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधायची. चाक वर आलं की टाय ढकलली जाते आणि सर्वांत मोठ्या धक्क्याच्या जागी थांबते. पुढच्या दोन्ही शॉकअपांना टाय बांधून गाडी डॉक्टरांना परत दिली आणि सांगितलं, आठवडाभर नेहमीसारखी चालवा, सांभाळून नको.

आठवड्यानं बघितलं तर टाय ५८ मि.मी. वर गेलेली. उभ्या गाडीत रबरी स्टॉपरपर्यंत ७० मि.मी. जागा आहे. म्हणजे मूळ स्प्रिंगवर, पुण्याच्या रस्त्यांवर, १२ मि.मी. शिल्लक. इतकीच.

आता रॅम्पचं. कागदावरचा हिशेब ग्राहकाला पटत नाही, कारण त्यात गाडी घासल्याचा आवाज येत नाही. डॉक्टरांच्या माळ्यावर गणपतीच्या मखराचा जुना थर्माकोल होता, २०१८ च्या बंदीच्या आधीचा. त्याचा एक तुकडा १८ मि.मी. जाडीचा कापला, दुसरा २५ चा, आणि दोन्ही गाडीच्या पोटाला, चाकांच्या बरोबर मध्ये, दुहेरी टेपनं चिकटवले. डावीकडे एक, उजवीकडे एक. मग घरातले चौघंही बसले, आई पुढे, आणि गाडी रॅम्पवरून हळू वर आणली.

पंचवीसच्या तुकड्याचा करकर आवाज मलाही बाहेर ऐकू आला. काढून बघितला तर ८ मि.मी. दाबला जाऊन त्यात सिमेंटची वाळू रुतलेली. अठराच्या तुकड्यावर नखभर ठसा, जणू कुणी बोट टेकवलंय. मुलगा दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ उभा होता. त्याच्या यादीतलं सर्वांत खाली बसवणारं किट ३५ मि.मी. चं होतं. त्याचा तुकडा कापायची वेळच आली नाही.

किती खाली आणि किती ताठ

मुलाच्या यादीत जर्मन किट होते, अमेरिकन होते. गंमत म्हणजे आयबाख आणि एच अँड आर हे दोन्ही जर्मन स्प्रिंगवाले एकमेकांना लागून असलेल्या गावांतले, एक फिनेनट्रोपचा आणि दुसरा लेनेश्टाटचा. नावावर मी फारसा जात नाही. नामवंत कंपनीची स्प्रिंग तुटायची भीती नसते. प्रश्न असतो तिच्यामागचा हेतू आपल्या रस्त्याला जुळतो का, हा.

बाजारात तीन जाती समजा. पहिली दिसण्यासाठी : ३५ मि.मी. किंवा जास्त खाली. दुसरी मधली, २५ च्या आसपास. तिसरी, जिला विकणारे मिनिमम ड्रॉप म्हणतात, १५ ते २० खाली. ताठपणा मूळ स्प्रिंगच्या २० ते ३० टक्के वर धरा.

आता खड्डा तोच, वेग तोच, म्हणजे चाकातून येणारी ऊर्जाही तीच. स्प्रिंग २० टक्के ताठ असेल तर ५८ मि.मी. चा प्रवास कमी होऊन ५३ होतो. अर्ध्यावर येत नाही, कारण ताठपणाचं वर्गमूळ लागतं. शिल्लक जागा मात्र सरळ वजा होते. मधल्या किटमध्ये ७० मधून २५ गेले, उरले ४५, आणि लागणार ५३. म्हणजे आठवड्याच्या मोठ्या धक्क्याला ८ मि.मी. रबरात घुसणार. दिसण्याच्या किटमध्ये स्प्रिंग ३० टक्के ताठ धरली तरी लागणार ५१ आणि उरले ३५. तिथे सस्पेन्शनचं काम स्प्रिंगऐवजी रबरच करायला लागतं. मिनिमम ड्रॉपमध्ये १८ वजा जाऊन ५२ उरतात आणि ५३ लागतात. रबराला टेकेल न टेकेल.

"मग २५ च खाली घ्या आणि स्प्रिंग दुप्पट ताठ घ्या," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर माणूस, डोसचा विचार करणारच. रबर आणि स्प्रिंगमध्ये मूळचाच तोल हवा असेल तर ७० ची ऊर्जा ४५ मध्ये मावायला हवी. त्यासाठी ताठपणा जवळपास २.४ पट लागतो. गाडीची वर-खाली होण्याची गती सेकंदाला १.३ वेळा असेल तर ती २ वर जाते. हे रेसट्रॅकवर शोभतं. पौडच्या पुढे आईंच्या गुडघ्याला शोभणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी किट विकणारे बोलत नाहीत. मस्टँगला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी वळणावर ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, कोनावर ठरतो. गाडी खाली आली की आर्मचं बाहेरचं टोक वर उचललं जातं आणि तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगानं खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे कलवणारी तरफ लांब होते. फार खाली बसवलेली गाडी वळणावर जास्त कललेली मी बघितलीय, आणि मालक शपथेवर सांगत होता की आता रुळावर चालल्यासारखी वाटते. थोडी खाली आली तर ताठ स्प्रिंग हा तोटा भरून काढते.

मागच्या स्प्रिंगांचा ताठपणा छापील आकड्यात पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि मुलाला ते विचित्र वाटलं होतं. या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपवर नसते. ती आर्मवर, चाकापासून बरीच आत बसते. समजा ती आर्मच्या लांबीच्या ०.६ वर असेल, तर चाकाला तिचा ताठपणा ०.३६ पटच जाणवतो. आणि तिथे १० मि.मी. ची चूक झाली तर चाकाशी ती १६-१७ मि.मी. होते. मागची स्प्रिंग अंदाजानं कापायची नसते ती यासाठी.

कापायचं निघालंच म्हणून. स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरनं उडवून गाडी खाली बसवणं आपल्याकडे अजून चालतं, आणि १९६६ पासून वाहनं तपासणारी एआरएआय ज्या शहराच्या टेकडीवर बसलीय त्याच शहरात चालतं. सहा वेढ्यांतला एक काढला की स्प्रिंग २० टक्के ताठ होते, हे खरंय. पण शेवटच्या वेढ्याची बैठक जाते, कापताना टोक तापलं तर तिथली ताकद जाते, आणि गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग सैल होऊन सीटमधून निसटू शकते. भोसरीत ऑर्डरप्रमाणे स्प्रिंग वळून देणारेही आहेत, आणि काही जण उत्तम काम करतात. मी त्यांना एकच प्रश्न विचारतो : वळल्यावर पूर्ण दाबून बसवून घेता का? अशी दाबून न घेतलेली, म्हणजे स्क्रॅगिंग न केलेली स्प्रिंग पुढच्या पावसाळ्यापर्यंत स्वतःच खाली बसते, आणि चारही एकसारख्या बसत नाहीत. तारेच्या जाडीतही खेळ चालत नाही. दहा टक्के जाड तार म्हणजे ४६ टक्के जास्त ताठपणा, कारण जाडीचा चौथा घात लागतो.

ठरलं ते मिनिमम ड्रॉपचं किट. पुढे-मागे सारखं खाली, सरळ ताठपणाचं, म्हणजे अर्धे वेढे जवळजवळ गुंडाळलेलं प्रोग्रेसिव्ह नव्हे. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग वाईट नसते. पण तिचे जवळचे वेढे गाडीच्या वजनानंच मिटलेले असतील तर त्यांचं काम फक्त चाक लोंबकळताना स्प्रिंग जागेवर धरण्याचं उरतं. मग नावातला गुण रस्त्यावर मिळत नाही. शॉकअप मूळचेच ठेवले. २० टक्के ताठ स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकअपचा जोर दहा टक्क्यांच्या आत जास्त लागतो, तेवढं ते झेपवतात. मागच्या एका शॉकअपला तेलाचा घाम सुटला होता, म्हणून मागची जोडी नवीन. डॉक्टरांनी विचारलं, पुढचीही घालू का? मी नको म्हटलं. चांगले होते.

कायद्याचं मी प्रत्येकाला सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकानं दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आले. विमा कंपनीला आधी लेखी कळवा, हे माझं डॉक्टरांना पहिलं सांगणं होतं. त्यांनी पत्र दिलं, पोच घेतली. जुन्या चारही स्प्रिंगा पुढची डावी, मागची उजवी अशी चिठ्ठी लावून त्यांच्या माळ्यावर, मखराच्या जागी.

बसवताना

मार्चमध्ये पेटी आली. पुढच्या चाकांचं काम आमच्या मिस्त्रींनी केलं, निवांत. मागे चूक झाली, आणि ती आमचीच.

आर्मच्या टोकाला रबरी बुश असतात. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, फिरत नाही, पिळतं. बोल्ट ढिला असताना आर्म मोकळा हलतो, घट्ट केला की त्या क्षणाचा कोन बुशचा शून्य होतो. म्हणून शेवटचा टॉर्क पाना, म्हणजे ठरल्या जोरावर वाजणारा पाना, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच लावायचा. आमच्या नव्या हेल्परनं गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच मागचे बोल्ट पक्के केले. पाना कट्ट वाजला, टॉर्क बरोबर, कोन चुकीचा.

गाडी खाली उतरवली तेव्हा मागची बाजू हव्या उंचीपेक्षा ६ मि.मी. वर. मुलगा म्हणाला, "काका, किटच सदोष आलंय." मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मागचा बंपर हातानं दाबला तर कुरकुर आवाज आला, ओलं लाकूड पिळल्यासारखा. स्प्रिंग कुरकुरत नाही, बुश कुरकुरतो. गाडी चार फळ्यांवर चढवली, वजन चाकांवर ठेवून बोल्ट सैल केले. ढिले होताच मागची बाजू अक्षरशः सुस्कारा टाकून खाली बसली. मग पुन्हा टॉर्क. तसंच सोडलं असतं तर वर्षभरात बुश फाटले असते आणि दोष स्प्रिंगांच्या नावावर गेला असता.

पहिल्या दिवशी गाडी १५ मि.मी. खाली होती. अलाइनमेंट मी लगेच अंतिम केली नाही. हजार किलोमीटरनंतर ती १८ वर स्थिरावली, मग केली. पुढचा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, अर्ध्या अंशाच्या आत आतल्या बाजूला गेला होता. मूळ भागांवर तो फिरवता येत नाही, तो तसाच राहिला. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं, मात्र चांगलाच हलला होता, तो कंपनीच्या आकड्यावर आणला. टायरची आतली कड खाते म्हणून लोक कॅम्बरला शिव्या घालतात. बहुतेक वेळा खाणारा टो असतो.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये गाडी पुन्हा आली. मधे ५,२०० किलोमीटर आणि एक आख्खा पावसाळा. पुढची टाय रबराला टेकलेली, म्हणजे हिशेबातला एक मि.मी. कुठेतरी खर्च झाला होता. स्टॉपरवर हलकी चमक, चीर नाही. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेत अर्ध्या मि.मी. चाही फरक नव्हता.

डॉक्टरांच्या म्हणण्यात ब्रेक दाबल्यावर नाक कमी बुडतं आणि ताम्हिणीच्या उलटसुलट वळणांत गाडी दुसऱ्या वळणाला लवकर तयार होते. तक्रारी दोन. एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटचे सांधे आता मोजता येतात, आणि दवाखान्याच्या गल्लीतला तो स्पीडब्रेकर. एकटे असले तर चालतं, कारण रिकाम्या गाडीचे १२० मि.मी. त्याच्या उंचीशी जेमतेम जुळतात. घरचे बसले की लागते. तिरकी घेतली तर एकेक चाक चढत जातं आणि पोट उचललं जातं, पण त्यासाठी समोरून येणाऱ्याला थांबवावं लागतं, आणि कोथरूडमध्ये समोरचा थांबत नाही. आता ते घरच्यांना घेऊन मागच्या गल्लीनं जातात. हा तोटा मी आधी सांगितला होता, तरी तो तोटाच आहे.

मुलगा अजून पूर्ण खूश नाही. फट चार बोटांची तीन झालीय. त्याला दोन हवी होती. पण त्या दिवशी गाडी लिफ्टवर गेली तेव्हा पोटाखाली अठराचा तोच थर्माकोलचा तुकडा दिसला, नव्या टेपनं परत चिकटवलेला, कडा पावसानं काळ्या पडलेल्या, रॅम्पच्या धारेनं मध्ये खोल घळ पडलेली. मी काढायला हात घातला तर तो म्हणाला, "राहू दे काका, तो झिजला की मला कळतं आजी बसली होती."